गरम लागलं तर सांगा

मावशीला मी क्लिनिकमध्ये नेलं तेच मुळी अर्धवट सांगून. म्हटलं, आमच्याकडे शेक द्यायचं नवीन मशीन आलंय, पोटाला-कंबरेला छान शेक बसतो, अर्धा तास नुसतं झोपून राहायचं. शेक बसतो हे खरं होतं. पण ते मशीन कंबर धरलेल्या बायकांसाठी नव्हतं. बाळंतपणानंतर किंवा वजन उतरल्यावर पोटाची, दंडांची, मांड्यांची कातडी सैल पडते ती ऑपरेशनशिवाय घट्ट करायची, मांड्यांवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या पडतात त्या कमी करायच्या, यासाठी ते होतं. वेसूकडच्या पैसेवाल्या बायका त्यासाठी यायच्या. मावशी कोसाडच्या सरकारी आवासात राहायची आणि अमरोलीच्या एका एम्ब्रॉयडरी खात्यात, म्हणजे कारखान्यात, साड्यांच्या मागचे लोंबते धागे कापायची. आपल्या पोटाची कातडी सैल आहे, असा विचार तिच्या मनात कधी आला असेल असं मला वाटत नाही.

क्लिनिकमध्ये मी आधी काउंटरवर होते. नवीन मशीन आलं तेव्हा डॉक्टर मॅडमनी मला आणि माझ्यासोबतच्या एका मुलीला ते चालवायला शिकण्यासाठी निवडलं. कंपनीकडून एक ट्रेनर बाई दोन दिवसांसाठी येणार होत्या. पहिल्या दिवशी माहिती. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने एका बाईवर ट्रीटमेंट करून दाखवायची, आणि ती बाई आपली आपण आणायची. तिला मॉडेल म्हणायचं. मॅडम म्हणाल्या, चाळीस-पन्नासची आणा, मुलं झालेली. तरुण मुलींवर शिकायला काही मिळत नाही.

मला आधी ते पोट आठवलं, मावशी नंतर. हे लिहितानाही लाज वाटते.

ते पोट मला चांगलं माहीत होतं. माझे आई-वडील ऊसतोडीला यायचे, चलथाणच्या साखर कारखान्याच्या बाजूला खोप टाकून राहायचे आणि हंगाम संपला की धुळ्याकडे परत जायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून सातव्या वर्षी आईने मला मावशीकडे ठेवलं. मावशीला तिन्ही मुलगेच. मी बारावी होईपर्यंत तिच्याकडेच होते. रविवारी दुपारी ती फरशीवर आडवी व्हायची आणि मी तिच्या पोटाला डोकं लावून पुस्तक वाचायचे. पोट तेव्हा भरलेलं, गार, उशीसारखं होतं. पुढे तिला कावीळ झाली. त्यात ती इतकी उतरली की परत भरलीच नाही, आणि पोटाची कातडी तेवढी मागे राहिली.

तर मी तिला सांगितलं आणि ती लगेच हो म्हणाली. खात्यात खाडा केला. त्या दिवशी सकाळी मी तिला घ्यायला गेले तर ती लग्नाकार्याला नेसायची ती जांभळी साडी नेसून बसलेली. परकराला नवी नाडी ओवली होती. मशीनवाल्या बाईंसमोर जुना परकर कसा दिसेल, म्हणाली. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा.

"यात काय?" मी विचारलं.

"भरीत आणि कळण्याची भाकर. तुन्या मॅडमसाठी. पोरीले कामावर ठेवेल शे त्यांनी, रिकाम्या हाते कशी जाऊ?"

डबा घरीच ठेव, असं म्हणावंसं वाटलं मला. कारण क्लिनिकमध्ये मी कुणाला खरं सांगितलेलं नव्हतं. माझं गुजराती चांगलं आहे, शाळा सगळी इथलीच. पहिल्या दिवशी कुणीतरी मला गुजरातीच समजलं आणि मी ते तसंच चालू दिलं. राहायला कुठे, तर अडाजणसारख्या चांगल्या वस्तीत. वडील काय करतात, तर शेती. एकेक गोष्ट लहान होती. बसमध्ये मावशी मोठ्याने अहिराणीत बोलत होती, खिडकीतून नव्या इमारती दाखवत होती. मी हळू आवाजात "हो, हो" करत होते आणि मनातल्या मनात ठरवत होते की क्लिनिकमध्ये गेल्यावर तिला फार बोलू द्यायचं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा माझ्यासोबतची मुलगी तिच्या आईला घेऊन आधीच आलेली होती. तिची आई पंजाबी ड्रेस घालून, केस मोकळे सोडून सोफ्यावर बसली होती आणि ट्रेनर बाईंशी हसून बोलत होती. मावशीने दाराबाहेर चपला काढल्या. तिथे कुणीच चपला काढत नसे. मी म्हणाले, "राहू दे, घाल," आणि तिने त्या परत घातल्या, मग पुन्हा काढल्या.

ट्रेनर बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि मला सहज विचारलं, "ये आपकी कौन हैं?"

मी म्हणाले, "हमारे यहाँ काम करती हैं. बर्तन-कपड़ा."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. कुठून आलं माहीत नाही. पण एकदा तोंडातून गेल्यावर परत घ्यायला मला तितकाच वेळ लागला असता, एका वाक्याचा. तो मी घेतला नाही. ट्रेनर बाई "अच्छा" म्हणून फॉर्म शोधायला लागल्या. मावशी भिंतीवरच्या एका गोऱ्या बाईच्या फोटोकडे पाहत होती. मला वाटलं, तिने ऐकलं नसेल. तिला हिंदी नीट कळत नाही, असंही मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. ज्या बाईने वीस वर्षं खात्यात बिहारी आणि उडिया बायकांसोबत काम केलं, तिला हिंदी कळत नाही म्हणे.

मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मॅडम, किधर बैठूँ?"

माझे कान तापले. मी बोटाने खुर्ची दाखवली. ती खुर्चीवर न बसता खुर्चीशेजारी उभी राहिली, डब्याची पिशवी मागे धरून.

आधी त्या मुलीच्या आईची ट्रीटमेंट झाली. ती मध्येच "बस बस, हवे गरम लागे छे" म्हणायची, मुलगी हसून हात काढायची, जेल वाढवायची, परत सुरू. सगळं नीट पार पडलं. मग आमची पाळी.

मावशीला पडद्याआड साडी सोडायला सांगितलं. अंगावरचा सगळा धातू काढायचा असतो, कारण तो तापतो. बांगड्या, मंगळसूत्र तिने काढून माझ्या हातात दिलं. ट्रेनर बाईंनी पायांकडे बोट केलं. जोडवी. मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिने ती कधीच काढली नव्हती, काविळीत दवाखान्यात होती तेव्हाही. मी म्हणायला हवं होतं की पायातलं राहू द्या, मशीन पोटावर फिरणार आहे. मला तेवढं माहीत होतं. मी गप्प राहिले. तिने थुंकी लावून, फिरवून फिरवून दोन्ही जोडवी काढली.

मग तिला पलंगावर झोपवलं, परकर खाली सरकवला. ट्रेनर बाईंनी तिच्या पोटाची घडी दोन बोटांत उचलली आणि आम्हाला दाखवली. त्या बाई वाईट नव्हत्या, त्यांचं काम करत होत्या. "देखो, कितना लूज़ है. इलास्टिसिटी पूरी गई. ऐसी स्किन पे रिज़ल्ट अच्छा दिखता है." त्यांनी घडी सोडली, ती सावकाश खाली बसली. त्यांनी पुन्हा उचलली. दोघी-तिघी वाकून पाहत होत्या. मोबाईलवर फोटो काढला. पांढऱ्या पेन्सिलने पोटावर चौकोन आखले, एकेका चौकोनात किती वेळ फिरवायचं ते समजावलं. मावशी छताकडे पाहत होती. मी सगळ्यांसारखीच वाकून पाहत होते, जणू ते पोट मी पहिल्यांदाच पाहत होते.

मशीन चालवायला फार बुद्धी लागत नाही. जेल लावायचं, हातातला गोल धातूचा हँडपीस कातडीवर टेकवायचा आणि गोल गोल फिरवत राहायचा. एका जागी थांबायचं नाही, हाच मुख्य नियम. आतून उष्णता जाते, वरून फारसं दिसत नाही, म्हणून झोपलेल्या बाईला सारखं विचारायचं असतं की एक ते दहामध्ये किती गरम लागतंय. सहा-सातपर्यंत ठीक. आठ म्हणाली की हात उचलायचा. म्हणजे सगळं त्या बाईच्या बोलण्यावर असतं.

मी हँडपीस टेकवला आणि विचारलं, "गरम लगे तो बोलना. कितना है?"

"पाँच," मावशी म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "पाँच."

ट्रेनर बाईंनी मशीन वाढवायला सांगितलं. मी वाढवलं. "अब कितना?"

"पाँच, मॅडम."

तिचा आवाज अगदी सपाट होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिच्या पायांची बोटं आखडलेली होती, ते मला दिसलं, आणि मी समजले की जोडवी नसल्यामुळे तिला विचित्र वाटत असेल.

मी डाव्या बाजूला, कंबरेच्या हाडाजवळ आले होते. तिथे कातडी पातळ असते. डॉक्टर मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला काहीतरी विचारलं, बहुधा किती मिनिटं झाली ते. मी मान वर करून उत्तर दिलं. हसून दिलं. माझा हात तेवढ्यात थांबला. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही. फार नसेल.

"हाथ उठाओ," ट्रेनर बाई म्हणाल्या.

खाली रुपयाएवढा लालभडक डाग होता, मधे पांढरट. बाईंनी पटकन गार पाण्याच्या पट्ट्या मागवल्या. मावशीला विचारलं, "आपको लगा नहीं? बोला क्यों नहीं?"

"अच्छा लग रहा था," मावशी म्हणाली.

आणि मी म्हणाले, "सॉरी, बेन."

बेन. गुजरातीत कुठल्याही बाईला म्हणतात तसं. पट्टी मी धरली होती आणि मावशी माझ्याकडे पाहत होती. पलंगावर झोपल्यापासून पहिल्यांदाच ती सरळ माझ्याकडे पाहत होती. मी नजर पट्टीवर ठेवली.

ट्रेनर बाईंनी मला नंतर बाजूला घेऊन समजावलं की हात थांबू द्यायचा नाही, आणि काही बायकांची सहनशक्ती जास्त असते, त्यांच्या बोलण्यावर विसंबू नये. मग त्यांनी मला पास केलं. सर्टिफिकेटवर सही दिली.

मावशी साडी नेसून बाहेर आली तेव्हा नाडी कंबरेच्या वर, फासळ्यांपाशी बांधलेली होती. मला दुपारी थांबायचं होतं, तिला एकटीला पाठवायचं होतं. मी जिन्यापर्यंत गेले. जिन्यात कुणी नव्हतं. तिथे तरी मी काही बोलायला हवं होतं.

तिनेच पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. "हाऊ डबा ले. मॅडमले नको देऊ, तूच खाय. सकाळपासून तू काई खायेल नही." आणि पायऱ्या उतरायला लागली. ती कठड्याला धरून एक-एक पायरी उतरत होती. डावा पाय जपून टाकत होती.

दुसऱ्या दिवशी तिथे फोड आला. ते मला वहिनीने, म्हणजे तिच्या मोठ्या सुनेने, फोनवर सांगितलं. मावशीने घरी सांगितलं होतं की तव्याचा चटका बसला. वहिनी म्हणाली, "आता तवा कंबरेला कसा लागेल, तुम्हीच सांगा. पण विचारलं की चिडतात." मी क्लिनिकमधलं मलम घेऊन गेले. मावशी मॅक्सी घालून दारात बसून धागे कापत होती. नाडी बांधता येत नव्हती म्हणून खात्यातून साड्यांचं गाठोडं घरी आणलं होतं. तिने मलम घेतलं, चहा केला, माझ्या कामाची चौकशी केली. पास झाले का विचारलं. हो म्हणाले. "बरं व्हयनं," ती म्हणाली. मलम मी लावून देते म्हटलं तर म्हणाली, सून लावते.

डाग वाळला, खपली पडली, काळा व्रण राहिला. मी त्या मशीनवर काम करत राहिले. वर्षं गेली, मशीनही बदललं. आता आमच्याकडे माझाच हात सगळ्यात चांगला समजला जातो. बायका माझी वेळ मागून घेतात, कारण मी सारखं विचारते. गरम लागलं तर सांगा, असं मी चार-चारदा म्हणते आणि उत्तर आलं तरी पायांच्या बोटांकडे बघते. एक शेठाणी एकदा म्हणाली, "तू किती काळजी घेतेस, जाणे मारी दीकरी." स्वतःची मुलगी असल्यासारखी. मला त्यानंतर दुपारचं जेवण गेलं नाही.

मावशीकडे मी जात होते. दिवाळीला, नातवाच्या वाढदिवसाला. तिच्या वागण्यात फरक नव्हता, असं मी म्हणायचे. फरक होता. पूर्वी मी गेले की ती माझं डोकं धरून केसांतून हात फिरवायची. ते बंद झालं होतं. आणि माझ्या कामाबद्दल शेजारणींना काही सांगायची नाही. मी क्लिनिकमध्ये काम करते एवढंच.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी मी गेले तेव्हा ती घरात एकटी होती. मेथी निवडत होती. मी समोर बसून निवडू लागले. बरंच ठरवून गेले होते, पण शब्द साधेच आले.

"मावशी, त्या दिवशी मी तुला कामवाली म्हणाले."

तिने कोणता दिवस म्हणून विचारलं नाही. हातातली काडी मोडली, पानं परातीत टाकली.

"हा," ती म्हणाली. "ऐकं मी."

"तू का नाही बोललीस? एवढं भाजत होतं आणि पाच, पाच म्हणत राहिलीस. मला वाटायचं, मी नापास होऊ नये म्हणून."

याच समजुतीवर मी इतकी वर्षं काढली होती. तिने माझ्यासाठी सोसलं, मी वाईट आणि ती चांगली, असं ते होतं. त्यात रडायला येत होतं, पण एक प्रकारचा आधारही होता.

मावशीने मान हलवली. "नही वं. नापास-बिपास माले काय कळस? राग उना व्हता माले. इतका राग उना की बोलनंच नही." मग ती थांबली. "माले वाटनं, भाजू दे. चांगलं भाजू दे. डाग दिसना की पोर घाबरी जाई. मंग तरी तोंडमाईन 'मावशी' निंघी."

मी हातातली काडी परातीत ठेवली.

"आनि तू काय म्हने? सॉरी बेन." तिने ते दोन शब्द माझ्यासारखेच, गुजराती ढंगात म्हटले. थट्टा नव्हती त्यात. तिला ते इतकी वर्षं जसेच्या तसे लक्षात होते.

मला रडू आलं. ती मला गप्प करायला उठली नाही. परात स्वतःकडे ओढली आणि उरलेली मेथी निवडत राहिली. मेथी संपली तेव्हा म्हणाली, "कसाले रडस आता? चहा ठेव."

मी चहा ठेवला. साखर कुठे आहे ते मला सापडेना, डबे बदलले होते. तिने बसल्या जागेवरून सांगितलं, वरच्या फळीवर, लाल झाकणाचा.

चहा झाल्यावर मी तिला म्हणाले, "मावशी, व्रण अजून आहे का? आता त्यावर क्रीम असतात, लेसर असतं. मी स्वतः करून देते. मॅडमना मी सगळं सांगेन, तू माझी कोण आहेस ते. माझ्यासोबत चल."

"नको."

"निदान बघू तरी दे."

"नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. कप विसळायला उठली. "तो डाग मन्हा शे. राहू दे."

मी डॉक्टर मॅडमना सोमवारी सांगितलं. त्या मोबाईल पाहत होत्या, म्हणाल्या, "अच्छा, ती तुझी मावशी होती? मला आठवत पण नाही." माझ्यासोबतची मुलगी तर लग्न होऊन केव्हाच नवसारीला गेली. म्हणजे ज्यांच्यासमोर मला मावशीची लाज वाटली होती, त्यांच्यापैकी कुणाच्या लक्षातही ते राहिलं नव्हतं. मला हे कळून हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही.

त्यानंतर मी तीन-चारदा कोसाडला जाऊन आले. मावशी आता खात्यात जात नाही, डोळे साथ देत नाहीत. घरी सगळ्यांसमोर माझ्याशी नीट बोलते. मागच्या खेपेला निघताना मी तिच्या पाया पडले, तेव्हा तिने डोक्यावर हात ठेवला आणि उचलून घेतला. पूर्वी तो खाली केसांतून फिरायचा. मी थोडा वेळ तशीच वाकून राहिले, मग उठले आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले.